इन्सुलिनची किंमत आणि मधुमेहींचा उपचारखर्च : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

मधुमेहाचा इतिहास बहुधा शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. १८८९ मध्ये मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले आणि त्याला मधुमेह झाल्याचे पाहिले. १९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन हाती आले. १९५० च्या दशकात गोळ्या आल्या. १९८२ मध्ये जनुक-अभियांत्रिकीने तयार केलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले. हा क्रम अचूक आहे, परंतु त्यात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. या प्रत्येक टप्प्यावर पैसे कोणी भरले, आणि ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याचे काय झाले?

हा प्रश्न मधुमेहाच्या बाबतीत इतर रोगांपेक्षा अधिक तीव्र आहे. विषमज्वराचा रुग्ण बरा होतो किंवा दगावतो. दोन्ही प्रसंगी खर्चाला शेवट असतो. मधुमेही बरा होत नाही आणि योग्य उपचार मिळाल्यास दीर्घकाळ जगतो. त्याचा खर्च रोजचा असतो, वयाबरोबर वाढतो आणि कमाई घटू लागते त्याच वेळी सर्वाधिक होतो. शिवाय तो केवळ औषधाचा नसतो. तपासणी, वैद्याची भेट, प्रवास, बुडालेली मजुरी आणि पुढे डोळे, मूत्रपिंड व पाय यांवरील उपचार हे सारे त्यात येते. औषधाच्या किमतीवर समाजाने वेळोवेळी लक्ष दिले; सेवेच्या किमतीवर फार थोड्या वेळा दिले. या विसंगतीचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

रुग्णाची सांपत्तिक स्थिती व उपचार यांचा संबंध भारतीय वैद्यकाला अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील प्रमेहप्रकरणात निर्धन व निराधार रुग्णासाठी स्वतंत्र आचार सांगितला आहे. त्याने पादत्राण व छत्र न वापरता, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत, मुनीसारख्या संयमाने शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, असा त्याचा आशय आहे. अल्पाहार आणि श्रम हाच त्या काळी उपलब्ध असलेला परिणामकारक उपाय होता आणि तो निर्धनाला विनामूल्य सांगितला गेला. आजच्या मधुमेहतज्ज्ञाला त्यातील अनवाणी चालण्याचा भाग मात्र अस्वस्थ करील. मधुमेही पायाची जखम हीच आज भारतातील या रोगाची सर्वांत महाग गुंतागुंत ठरली आहे. त्याचा विचार पुढे येईल.

टोरांटो : टंचाई, ओळख आणि एक डॉलर

इन्सुलिनपूर्व काळात पाश्चात्त्य वैद्यकाकडेही उपासापलीकडे विशेष काही नव्हते. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांनी काटेकोर अल्पाहाराची पद्धत रूढ केली. तिच्यामुळे मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी लांबे. परंतु त्यासाठी शिधा तोलणारी परिचारिका, नित्य मूत्रतपासणी आणि दीर्घ रुग्णालयवास लागे. ज्या उपचाराचा सारांश 'खाऊ नका' एवढाच होता, तोही सधनांनाच परवडत असे.

१७ मे १९२१ रोजी टोरांटो विद्यापीठात प्रा. मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी काम सुरू केले. पुढे जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध करण्याची जबाबदारी घेतली. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन देण्यात आले. तो धर्मार्थ विभागात दाखल झालेला रुग्ण होता. पहिला अर्क अशुद्ध असल्याने अपेक्षित परिणाम झाला नाही; २३ जानेवारीपासून कॉलिप यांचा सुधारित अर्क दिल्यावर रक्तातील साखर उतरली. लेनर्ड पुढे १९३५ पर्यंत जगला.

पहिला रुग्ण गरीब घरातील होता, या गोष्टीचा उल्लेख पुष्कळदा अभिमानाने केला जातो. त्यात नवल मात्र फारसे नाही. त्या काळी नव्या औषधाचे प्रयोग मोफत खाटेवरील रुग्णावरच होत. खरी कसोटी लागली ती पुढील काही महिन्यांत. १९२२ च्या वसंत ऋतूत अर्क तयार करण्याची कृती फसू लागली आणि इन्सुलिन जवळजवळ संपले. वार्ता मात्र सर्वदूर पोहोचली होती. अशा वेळी औषध कोणाला मिळाले? काही सैनिकांना, काही बालरुग्णांना, आणि ज्यांच्या पालकांचे पत्र योग्य माणसापर्यंत पोहोचू शकत होते त्यांना. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ ही ॲलन यांची रुग्ण होती. ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोला आली, बँटिंग यांच्या उपचाराखाली सावरली आणि १९८१ पर्यंत जगली. तिच्याइतक्याच कृश झालेल्या, परंतु ज्यांचे वडील मंत्री नव्हते अशा मुलांची नावे इतिहासात क्वचितच सापडतात. इन्सुलिनचे पहिले वाटप पैशाने झाले नाही हे खरे असले, तरी ते ओळखीने झाले.

या पार्श्वभूमीवर पेटंटाचा निर्णय पाहावा लागतो. जानेवारी १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी आपले हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडे सोपविले. हा व्यवहार त्यागाचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि तो तसा होताही. तथापि पेटंट घेण्यामागील हेतू व्यावहारिक होता. दुसऱ्या कोणी पेटंट घेऊन मक्तेदारी निर्माण करू नये, आणि निकृष्ट माल विकला जाऊ नये म्हणून प्रत्येक उत्पादकावर विद्यापीठाची देखरेख राहावी, हे त्यातून साधावयाचे होते. विद्यापीठाने इन्सुलिन समिती नेमली व परवाने दिले. कॅनडात विद्यापीठाच्याच कॉनॉट प्रयोगशाळेने उत्पादन केले. अमेरिकेत मे १९२२ च्या कराराने इलाय लिली कंपनीला एक वर्षापुरते विशेष अधिकार मिळाले. ब्रिटनमध्ये हक्क मेडिकल रिसर्च कौन्सिलकडे गेले. डेन्मार्कचे नोबेल पारितोषिक विजेते ऑगस्ट क्रोग १९२२ च्या अखेरीस टोरांटोला येऊन परवानगी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी मारी या स्वतः वैद्य व मधुमेही होत्या. त्या भेटीतून नॉर्डिस्क संस्था उभी राहिली. तिच्यातून बाहेर पडलेल्या पेडरसन बंधूंनी १९२५ मध्ये नोव्हो कंपनी काढली आणि १९८९ मध्ये दोन्ही एकत्र आल्या.

लिली कंपनीला मिळालेले एक वर्ष अल्प वाटते, परंतु औद्योगिक इतिहासात त्याचे मोल मोठे आहे. कत्तलखान्यांतून स्वादुपिंडे गोळा करणे, ती गोठवून आणणे, अल्कोहोलने अर्क काढणे आणि प्रत्येक तुकडीची शक्ती मोजणे ही सारी यंत्रणा त्या वर्षात उभी राहिली. सुमारे आठ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून अधिक प्राणिज कच्चा माल लागे. अशी यंत्रणा नव्याने उभारणे कोणत्याही लहान उत्पादकाला शक्य नव्हते. पेटंट एक डॉलरला विकले गेले. परंतु मोजक्या उत्पादकांची जी व्यवस्था आरंभी बसली ती शतकभर टिकली. १९४१ मध्येच अमेरिकेत इलाय लिली, शार्प अँड डोम व स्क्विब या तीन कंपन्यांवर इन्सुलिनचे भाव संगनमताने ठरविल्याबद्दल आरोपपत्र ठेवले गेले आणि दंड झाला. शोधकर्त्यांच्या औदार्याचा लाभ ग्राहकाच्या दारापर्यंत आपोआप पोहोचत नाही, हे शोधानंतर वीस वर्षांच्या आतच दिसून आले होते.

औषध स्वस्त, सेवा महाग

इन्सुलिनमुळे मृत्यू टळला. त्याचबरोबर एक नवाच माणूस निर्माण झाला, तो म्हणजे आजन्म रुग्ण. त्याला दिवसातून अनेकदा इंजेक्शन घ्यावे लागे. काचेची सिरिंज उकळणे, सुई दगडावर घासून धार लावणे, बेनेडिक्टचे निळे द्रावण मूत्रासह तापवून ते हिरवे, पिवळे की विटकरी होते ते पाहणे ही कामे घरात शिरली. बॉस्टनचे इलियट जॉस्लिन यांनी हे फार लवकर ओळखले. १९१८ मध्येच त्यांनी रुग्णांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. पुढे रुग्णाच्या घरी जाऊन आहार, मात्रा व पायांची निगा शिकविणाऱ्या परिचारिकांची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यांच्या दृष्टीने शिक्षण हा उपचाराला दिलेला पूरक भाग नव्हता, तो उपचारच होता. मात्र परिचारिकेच्या वेळेला किंमत असते, आणि ती कोणत्याही पेटंटाच्या उदारतेने कमी होत नाही.

ब्रिटनमध्ये प्रश्नाला वेगळे वळण मिळाले. स्वतः मधुमेही असलेले वैद्य आर. डी. लॉरेन्स आणि त्यांचे रुग्ण, प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांनी १९३४ मध्ये रुग्णांची संघटना स्थापन केली. आर्थिक स्थिती कशीही असली तरी प्रत्येकाला इन्सुलिन मिळाले पाहिजे, ही तिची भूमिका होती. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आल्यावर ती मोठ्या प्रमाणात प्रत्यक्षात आली. १९५२ मध्ये औषधचिठ्ठीवर शुल्क बसले, १९६५ मध्ये ते उठले आणि १९६८ मध्ये पुन्हा लागू झाले. पण त्या वेळी औषध घेणाऱ्या मधुमेहींना सूट देण्यात आली. केवळ पथ्यावर असलेल्यांना ती नव्हती. तपशील लहान असला तरी त्यामागील विचार स्पष्ट आहे. आयुष्यभर लागणाऱ्या औषधावर दर महिन्याला शुल्क आकारणे म्हणजे रोगावर कर लावणे होय.

अमेरिकेत असे झाले नाही. तेथे औषध सुधारत गेले आणि प्रत्येक सुधारणेबरोबर नवे पेटंट आले. १९३६ मध्ये हागेडॉर्न यांचे प्रोटामिन इन्सुलिन, १९४६ मध्ये एनपीएच, १९८२ मध्ये मानवी इन्सुलिन, १९९६ मध्ये लिस्प्रो आणि २००० मध्ये ग्लार्जिन. यातील प्रत्येकाने रुग्णाला काही ना काही दिले. इंजेक्शनांची संख्या तरी घटविली किंवा रात्री अचानक साखर उतरण्याचा धोका तरी कमी केला. परंतु जुने इन्सुलिन पेटंटमुक्त होईपर्यंत ते कालबाह्य ठरलेले असे आणि स्वस्त पर्याय म्हणून ते बनविण्यात कोणाला रस उरत नसे. लिस्प्रोची बाटली १९९६ मध्ये सुमारे २१ डॉलरला मिळे; पुढील वीसेक वर्षांत तिची छापील किंमत सुमारे २७५ डॉलरवर गेली. बाटलीतील रेणू तोच होता. येल विद्यापीठाशी संलग्न दवाखान्यातील पाहणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, दर चार रुग्णांपैकी एकाने खर्चामुळे इन्सुलिन कमी वापरल्याचे सांगितले. २०२२ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत मासिक भार ३५ डॉलरपर्यंत मर्यादित केला आणि मार्च २०२३ मध्ये लिलीने काही इन्सुलिनांच्या किमती ७० टक्क्यांनी उतरविण्याची घोषणा केली. एक डॉलरच्या व्यवहारानंतर बरोबर शंभर वर्षांनी.

भारत : श्रीमंतांचा रोग या समजाचे परिणाम

भारतात मधुमेहाची चर्चा वसाहतकाळात झाली ती एका विशिष्ट वर्गाच्या संदर्भात. १९०७ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली. त्या चर्चेत बंगालमधील वकील, जमीनदार, कारकून अशा बैठ्या व्यवसायातील भद्रलोकांकडे प्रामुख्याने बोट दाखविले गेले. निरीक्षण त्या काळापुरते निराधार नव्हते. परंतु त्यातून 'हा सुखवस्तूंचा रोग' अशी जी धारणा बनली ती स्वातंत्र्यानंतरही धोरणकर्त्यांच्या मनातून गेली नाही. ज्याला रोग होतो त्याला खर्च परवडतो, असे गृहीत धरले की सार्वजनिक व्यवस्थेवर जबाबदारी येत नाही.

१९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कोणी पुरेशा वैद्यकीय सेवेपासून वंचित राहू नये, हे तत्त्व मांडले होते. त्या अहवालातून जी प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहिली, ती माता-बाल आरोग्य, लसीकरण, हिवताप, क्षय व पुढे कुटुंबनियोजन यांसाठी. त्या काळातील मृत्यूंची कारणे पाहता हा क्रम योग्यच होता. मधुमेहाचे काम मोठ्या शहरांतील सरकारी रुग्णालये व स्वयंसेवी प्रयत्नांवर राहिले. १९४८ मध्ये मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. विश्वनाथन यांनी मधुमेहाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला; १९५५ मध्ये मुंबईत डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली.

संघटित क्षेत्रातील नोकरदारांची गोष्ट निराळी होती. १९४८ च्या कायद्याने आलेली कर्मचारी राज्य विमा योजना १९५४ मध्ये मुंबईत लागू झाली. तिच्यात दवाखान्यातील तपासणी व औषधे अंतर्भूत होती, म्हणजे नेमके तेच, जे मधुमेह्याला दर महिन्याला लागते. गिरणगावातील मधुमेही कामगाराला गोळ्या व इन्सुलिन मिळण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला. परंतु हा हक्क रोगाशी जोडलेला नसून नोकरीशी जोडलेला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांचे विम्याचे संरक्षणही कालांतराने गेले. रोग मात्र राहिला. गिरणी संपाच्या विपुल साहित्यात वेतन, घर व गावाकडे परतणे यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या अंगाचा अभ्यास अद्याप फारसा झालेला नाही, आणि तो व्हावयास हवा.

'श्रीमंतांचा रोग' या समजाला आकडेवारीने तडा गेला तो सावकाश. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२ ते १९७५ या काळात अहमदाबाद, कलकत्ता, कटक, दिल्ली, पुणे व त्रिवेंद्रम या सहा केंद्रांत केलेल्या पाहणीत शहरी भागात २.१ टक्के व ग्रामीण भागात १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला. प्रमाण कमी होते, पण शहर व खेडे यांतील अंतरही फार नव्हते, याकडे त्या वेळी पुरेसे लक्ष गेले नाही. १९८७ मध्ये राष्ट्रीय मधुमेह नियंत्रण कार्यक्रम तामिळनाडू, कर्नाटक व जम्मू-काश्मीर येथील काही जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. निधीअभावी तो पसरू शकला नाही. १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या मातृपोषण अभ्यासाने तर जुन्या समजाच्या मुळावरच घाव घातला. कमी वजनाच्या, वरवर रोड दिसणाऱ्या ग्रामीण अर्भकांत चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते, असे त्यात दिसून आले. आईच्या कुपोषणातही मधुमेहाची बीजे असू शकतात, ही शक्यता पुढे आली.

किमतीचे नियंत्रण

सेवेच्या बाबतीत उदासीन असलेले भारतीय राज्य औषधाच्या किमतीबाबत मात्र जागरूक होते. १९७० च्या पेटंट कायद्याने, जो १९७२ पासून अमलात आला, औषधावर नव्हे तर केवळ ते बनविण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याची व्यवस्था केली. त्यामुळे निराळ्या प्रक्रियेने तेच औषध बनविणे कायदेशीर झाले. मेटफॉर्मिन व सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या भारतात जगाच्या तुलनेने अत्यंत स्वस्त झाल्या त्यामागे हे धोरण आणि त्यातून वाढलेला देशी उद्योग आहे. औषध किंमत नियंत्रण आदेशांनी दुसरी बाजू सांभाळली. १९९५ च्या आदेशात नियंत्रित औषधांची संख्या ७४ वर आली, तरीही इन्सुलिन त्यात राहिले. १९७७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या अत्यावश्यक औषधांच्या पहिल्या यादीतही ते होते.

तथापि इन्सुलिन गोळीसारखे सहज नक्कल करता येण्याजोगे नाही. जिवंत पेशींकडून प्रथिन बनवून घेणे व ते शुद्ध करणे ही अवघड विद्या आहे. मानवी इन्सुलिनसाठी देश दीर्घकाळ परदेशी कंपन्यांवर अवलंबून होता. २००३ मध्ये मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने 'वोसुलिन' हे देशी मानवी इन्सुलिन बाजारात आणले. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील तिचा जैवतंत्रज्ञान प्रकल्प याच उद्योगाचा भाग होता. २००४ मध्ये बंगळूरच्या बायोकॉनचे 'इन्सुजेन' आले. १ जानेवारी २००५ पासून उत्पादनावरील पेटंट पुन्हा लागू झाले, परंतु मानवी इन्सुलिन त्याच्या कक्षेबाहेर होते. २०१३ च्या आदेशाने किमान एक टक्का बाजारहिस्सा असलेल्या औषधांच्या सरासरी किमतीवर कमाल किंमत ठरविण्याची पद्धत आली, आणि २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत इन्सुलिन ग्लार्जिन व टेनेलिग्लिप्टिन यांचा समावेश झाला. औषधाच्या बाजूने पाहिले तर भारताची कामगिरी अमेरिकेच्या तुलनेत निश्चितच सरस ठरते.

कुटुंबाच्या हिशेबात

परंतु मधुमेह्याचा हिशेब औषधाच्या बाटलीशी संपत नाही. डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये सात राज्यांतील ५५६ मधुमेहींची पाहणी केली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. शहरी रुग्णाचा उपचारावरील मध्यक वार्षिक खर्च १०,००० रुपये, तर ग्रामीण रुग्णाचा ६,२६० रुपये होता. कुटुंबाचे मध्यक वार्षिक उत्पन्न शहरात १,००,००० व खेड्यात ३६,००० रुपये होते. शहरी गरीब आपल्या उत्पन्नाच्या ३४ टक्के, तर ग्रामीण गरीब २७ टक्के रक्कम या एका रोगावर खर्च करीत होते. चलनवाढ वगळूनही १९९८ ते २००५ या सात वर्षांत शहरी रुग्णांचा एकूण खर्च ११३ टक्क्यांनी वाढला होता. खर्चाची परतफेड मिळालेले रुग्ण शहरात १४.२ टक्के, खेड्यात केवळ ३.२ टक्के. ज्या काळात देशी इन्सुलिन आले त्याच काळातील हे आकडे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

यातील ग्रामीण खर्च कमी दिसतो म्हणून समाधान मानता येत नाही. कमी खर्चाचा अर्थ स्वस्त सेवा असा होऊ शकतो, तसाच न घेतलेली सेवा असाही होतो. तालुक्याच्या गावी जाण्याचा दिवस म्हणजे मजुरीचा एक दिवस गेला. त्यातच रिकाम्या पोटी एकदा व जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यावयाचे, म्हणजे दुपारची एसटीही चुकली. अशा वेळी तपासणी पुढे ढकलली जाते आणि औषधाच्या दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या आणल्या जातात. सर्वेक्षणाच्या तक्त्यात ही बचत म्हणून नोंदली जाते. तामिळनाडूतील चुनमपेट परिसरात २००६ पासून फिरत्या वाहनाद्वारे गावातच डोळे व पाय तपासण्याचा जो प्रयोग झाला, त्याने हा प्रवासाचा खर्च रुग्णाकडून व्यवस्थेकडे वळविला, हे त्याचे खरे महत्त्व होय.

न घेतलेल्या सेवेची भरपाई पुढे मोठ्या रकमेने करावी लागते. चेन्नई येथील एका मधुमेह रुग्णालयातील, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुंतागुंत नसलेल्या रुग्णाचा रुग्णालयीन खर्च ४,४९३ रुपये, तर पायाची गुंतागुंत असलेल्याचा १९,०२० रुपये आढळला. म्हणजे चौपटीहून अधिक. मूत्रपिंड, हृदय व दृष्टिपटलाच्या विकारांत तो सुमारे तिप्पट होता. भारतात पायाची जखम पुष्कळदा बधिर तळव्याला लागलेल्या काट्याने, दगडाने किंवा तापलेल्या जमिनीने सुरू होते. मऊ तळाची योग्य चप्पल व महिन्याकाठी पायांची पाहणी यांचा खर्च अल्प असतो. पण तो करण्यासाठी कोणतीही योजना रुग्णाच्या दाराशी येत नव्हती.

योजना आल्या त्या दुसऱ्या टोकाला. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. तिच्यात ९७१ उपचार व शस्त्रक्रियांचा समावेश होता, डायलिसिसही त्यात होते. २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि २०१८ मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली. या योजनांमुळे असंख्य कुटुंबे कर्जापासून वाचली, हे नाकारता येणार नाही. मात्र त्यांची रचना रुग्णालयात दाखल होण्याभोवती आहे. मूत्रपिंड निकामी झाल्यावर राज्याची तिजोरी उघडते. ते निकामी होऊ नये म्हणून आधीची पंधरा वर्षे लागणाऱ्या गोळ्या व तपासण्या मात्र बहुतांशी घरच्या पैशाने होतात. विमाशास्त्राच्या दृष्टीने ही रचना तर्कशुद्ध आहे, कारण विमा अनपेक्षित आपत्तीचा असतो. मधुमेहात अनपेक्षित असे थोडेच असते.

दुसऱ्या बाजूने २०१० मध्ये २१ राज्यांतील १०० जिल्ह्यांत असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे उपकेंद्राच्या पातळीवर तीस वर्षांवरील सर्वांच्या तपासणीची मोहीम आली. एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबाच्या खिशातून होणारा वाटा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. याच दशकात रुग्णसंख्या मात्र प्रचंड वाढली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्ती आहेत. सर्वाधिक २६.४ टक्के प्रमाण गोव्यात आढळले. उपकेंद्रातील तपासणीने यांपैकी जितक्यांना आपल्या रोगाची प्रथमच जाणीव होईल, तितक्यांसाठी दर महिन्याला न चुकता गोळ्यांचा पुरवठा, वर्षातून एकदा डोळ्यांची व लघवीतील प्रथिनाची तपासणी आणि हे सारे समजावून सांगणारी व्यक्ती लागेल. जॉस्लिन यांच्या परिचारिकेचे हे काम आपल्याकडे आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका यांच्याकडे आले आहे. क्षय, लसीकरण व बाळंतपणाच्या नोंदी आधीच त्यांच्याकडे आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जन आरोग्य योजनेचा लाभ सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्न न पाहता, खुला करण्यात आला. या वयोगटात मधुमेहाचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचा खर्च बाह्यरुग्ण विभागातील व औषधाच्या दुकानातील आहे. योजनेचे पत्रक हाती असलेल्या वृद्धाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचाराचा हक्क मिळाला आहे. महिन्याच्या गोळ्यांसाठी त्याला पूर्वीप्रमाणेच मुलाकडे, सरकारी दवाखान्याकडे किंवा जनऔषधी केंद्राकडे पाहावे लागते.